रिपोर्ट नॉर्मल, दुखणं चालू

माझ्या फाइलीतल्या शेवटच्या सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलंय की गर्भपिशवी व्यवस्थित, दोन्ही बीजकोश व्यवस्थित, पोटात पाणी नाही. कागद खरा आहे. तो हातात घेऊन मी नारायणगावातल्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरत होते तेव्हा उजव्या जांघेच्या वर, टाक्याच्या टोकाशी कळ येत होती, हेही खरं आहे. ऑपरेशनबद्दल लोक अजून विचारतात. त्याच्या नंतरचं कुणी विचारत नाही, म्हणून तेच लिहिते.

२०२३ चा उन्हाळी टोमॅटो जुन्नर तालुक्यात कुणी विसरणार नाही. मे महिन्यात तोडणीचा खर्च निघेना म्हणून लोकांनी माल फेकून दिला आणि जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव निघाला. येडगावातला आमचा प्लॉट नेमका त्या भावात सापडला. मजूर मिळेनात, त्यामुळे घरातलं झाडून सगळं माणूस तोड्याला. मला दिवस गेल्याचं फक्त ह्यांना आणि मला माहीत होतं. तीन महिने भरल्याशिवाय बाहेर बोलायचं नाही ही आमच्याकडची रीत, आणि खरं सांगायचं तर ते दोघांपुरतं ठेवण्यातच मजा होती.

सातव्या आठवड्याच्या सुमाराला तपकिरी डाग दिसायला लागले. उजव्या ओटीत दुखायचं, थांबायचं, परत दुखायचं. मग उजवा खांदा धरला. क्रेट उचलणाऱ्या बाईचा खांदा दुखतो यात कुणाला नवल वाटणार? सासूबाईंनी तेल चोळून दिलं. पण हे दुखणं हात हलवून वाढत नव्हतं, आडवं झालं की वाढत होतं. पुढे डॉक्टरांनी त्याचा उलगडा केला. फुटू लागलेल्या नळीतून रक्त पोटात झिरपतं, आडवं झाल्यावर ते वर सरकून श्वासपटलाखाली जातं. श्वासपटलाची नस मानेतून निघते आणि खांद्याच्या नसाही तिथूनच निघतात, त्यामुळे मेंदूला वाटतं की खांदाच दुखतोय. हे मी आता भेटेल त्या बाईला सांगते. पाळी चुकलेली, डाग, एका बाजूचं पोट आणि खांद्याचं टोक एवढं जुळलं की तेलबील चोळत बसू नये, तडक दवाखाना गाठावा.

सकाळचा तोडा चालू असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी सरीत बसले. नारायणगावला पोचेपर्यंत बीपी खाली गेलं होतं. सोनोग्राफीत पिशवी रिकामी आणि पोट रक्तानं भरलेलं. "ट्यूब फुटलीय, आत्ता पोट उघडावं लागेल," एवढं मला ऐकू आलं. ह्यांनी सह्या केल्या, दीर रक्ताच्या पिशव्यांसाठी धावले. उजवी नळी काढली. दुर्बिणीतून ऑपरेशन करण्याइतकी उसंत नव्हती, त्यामुळे सिझरला घेतात तसा आडवा छेद.

शंभर गर्भारपणांत एखादं-दुसरं असं पिशवीबाहेर राहतं आणि त्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त नळीतच. नळीला पिशवीसारखं ताणता येत नाही आणि तिथला गर्भ उचलून पिशवीत ठेवायची विद्या जगात अजून कुठेच नाही. १८८३ साली लॉसन टेट नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जननं फुटलेली नळी काढून बाई वाचवून दाखवली. तोवर नळी फुटली की बाई बहुधा गेलीच. वेळेवर कळलं आणि नळी शाबूत असली तर हल्ली मेथोट्रेक्झेटचं इंजेक्शन देऊन ऑपरेशन टाळता येतं. माझ्या शेजारच्या खाटेवर मंचरकडची एक मुलगी तशी होती. इंजेक्शननंतर काही दिवसांनी पोट दुखायला लागलं म्हणून घाबरून परत आलेली. ते दुखणं औषधाचंही असू शकतं आणि नळी फुटल्याचंही, म्हणून त्या बायकांच्या रक्तातलं बीटा एचसीजी पुन्हा पुन्हा तपासतात, ते पार उतरेपर्यंत. पोटावर व्रण नाही म्हणून मला तेव्हा तिचा हेवा वाटला होता. आता वाटतं, व्रणच नसेल तर बाईनं दुखतंय म्हणून सांगायचं तरी कुठं बोट दाखवून?

घरी आले. आमच्या जाऊबाईंचं सिझर आदल्याच वर्षी झालेलं. छेद तोच, जागा तीच. त्यांना सव्वा महिना खाटेवरून उतरू दिलं नव्हतं. शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, कानाला फडकं, पाण्यात हात घालायचा नाही. मला कुणी वाईट वागवलं असं मुळीच नाही. पण ही बाळंतीण नाही म्हटल्यावर हिला वागवायचं कसं, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बाळंतिणीचे दिवस मोजलेले असतात. आजारी माणूस टाके निघाले की बरा धरतात. माझे टाके निघाले तेव्हा तोडे चालूच होते आणि भावही. चाकणला कंपनीत असलेल्या मैत्रिणीनं फोनवर सांगितलं की गर्भपातानंतर सहा आठवडे पगारी रजा १९६१ च्या कायद्यातच लिहिलेली आहे. मी म्हटलं, बाई, रजेआधी पगार तर लागेल.

माझी आई घोडेगावहून आली आणि काही दिवस मला माहेरी घेऊन गेली. तिथं तिनं कुणाला न विचारता डिंक तळायला घेतला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "लाडू? हिला कशाला?" आई म्हणाली, "रक्त गेलंय तिचं. लाडवाला पाळण्यातलं पोर दाखवावं लागतं का?" मी खाल्ले. नंतरच्या सगळ्या औषधपाण्यात तेवढं एक असं होतं की ज्याचा हिशोब मला कुणाला द्यावा लागला नाही.

आमच्या भागात बाईच्या सोसण्याची मापं फार मोठी आहेत. नारायणगाव तमाशाचं गाव. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची गोष्ट इथं शेंबड्या पोराला माहीत असते. तमाशा रंगात आलेला असताना कळा सुरू झाल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि लुगडं आवळून पुन्हा नाचायला उभ्या राहिल्या, असं सांगतात. १९५७ साली आणि पुन्हा १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हातून मान मिळाला. मोठी बाई, यात शंकाच नाही. पण मी ओटीवर हात धरून बसलेली दिसले की कुणीतरी ती गोष्ट काढायचं, आणि सांगणारा नेहमी "पुन्हा उभ्या राहिल्या" इथं थांबायचा. त्या रात्री तंबूत परत गेल्यावर त्यांचं काय झालं, किती दिवस दुखलं, हे मला अजून एकानंही सांगितलेलं नाही. २००२ साली त्या गेल्या. शेवटचा काळ हलाखीत गेला, हेही गोष्टीत येत नाही.

दुसरा त्रास कुजबुजीचा. "पाडलं का काय?" सोनोग्राफी, ऑपरेशन आणि हाती काही नाही, एवढ्यावरून माणसं आपापली गोष्ट जुळवतात. मुलगी होती म्हणून खाली केलं, असंही कुणीतरी म्हटल्याचं कानावर आलं. सात आठवड्यांचा मुलगा की मुलगी हे सोनोग्राफीत दिसतच नाही. १९९४ च्या कायद्यानं सांगायला बंदी आहे ती पुढची गोष्ट. आमच्या आशाताईंनी दोन-चार ओट्यांवर जाऊन शांतपणे समजावलं की गर्भ नळीत होता, नळी फुटली होती, डॉक्टरांनी पोरीला वाचवलं. त्या बोलल्यावर कुजबुज थांबली. मी सांगितलं असतं तर थांबली नसती.

आता दुखण्याबद्दल. ते एक नव्हतं, आणि सगळा घोटाळा तिथंच होता. छेदाच्या उजव्या टोकाला बोटाएवढ्या जागेत जळजळ व्हायची, परकरची नाडीसुद्धा सहन होत नसे. त्याच्या वरच्या भागात कातडी बधिर. कधी कधी खोल आत, पाठीच्या बाजूला, कुणीतरी आतून ओढतंय असं वाटायचं. लघवीला जाऊन आल्यावर कळ. आणि अधूनमधून कशाशीही संबंध नसलेली, छातीत धडधड घेऊन येणारी एक लाट, की आत परत काहीतरी फुटलं. कळ आली की शरीर आपोआप खाली बसतं. पण येडगावच्या शिवारात उसाच्या कडेला बाईमाणसानं एकटं खाली बसणं म्हणजे बिबट्याला आवतण. वाकलेला, बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो, असं वनखात्याचे लोक सांगून गेलेत. त्यामुळे मी दुखत असताना उभी राहायला शिकले. शेवग्याला टेकून, पाठ उसाकडे न करता. पुण्यातल्या एका डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांना वाटलं मी विनोद करतेय.

त्याआधी बरेच दवाखाने झाले. गॅसच्या गोळ्या मिळाल्या. मुतखडा बघितला. "अपेंडिक्स असेल" म्हणून परत सोनोग्राफी. सगळीकडून कागद नॉर्मल यायचा आणि कागदाबरोबर एक वाक्य फुकट मिळायचं: "मनावर घेऊ नका, दुसरं राहिलं की विसराल." एकानं तर हे माझ्याकडे न बघता ह्यांनाच सांगितलं. बरं, नॉर्मल कागद आला की घरच्यांना हायसं वाटायचं, ते साहजिकच होतं. पण प्रत्येक नॉर्मल कागदानं माझी दुखतंय म्हणायची सोय थोडी थोडी कमी होत गेली. शेवटी शेवटी मी सांगायचंच बंद केलं होतं. तेव्हा ह्यांनी एक काम केलं. आमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर सासूबाई दुधाचा हिशोब लिहितात. हे म्हणाले, "तोंडानं सांगू नको. दुखेल त्या दिवशी चौकटीत एक रेघ मार. जास्त दुखलं तर दोन."

पानं उलटून बघितली तेव्हा चित्र दिसलं. पाळी आल्यानंतर बाराव्या ते पंधराव्या दिवसाच्या आसपास रेघांचा पुंजका, जवळपास दर महिन्याला. दुसरा पुंजका टोमॅटोच्या बांधणीच्या दिवसांत, म्हणजे हात वर करून तारेला सुतळी बांधायची, वाकून खालची फांदी उचलायची, की परत वर. एकादशीला, अमावास्येला दुखतं हा सासूबाईंचा अंदाज मात्र खोटा निघाला. त्यांनी ते मोठ्या मनानं मान्य केलं.

ते कॅलेंडर गुंडाळून घेऊनच आम्ही पुण्याला गेलो. मंचर, पेठ, राजगुरुनगर, चाकण करत एसटीनं. त्या डॉक्टरीणबाईंनी आधी कॅलेंडर बघितलं, फाइल नंतर. मग मला टेबलावर झोपवलं आणि विचारलं, "एका बोटानं दाखवा." मी दाखवलं. त्यांनी तिथंच बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, हात न टेकता फक्त डोकं उचला. उचललं आणि मी ओरडले. "पोटाच्या आत काही दुखत असतं तर डोकं उचलल्यावर स्नायू ताठ होऊन आतल्या दुखऱ्या जागेवर झाकण बसतं, दुखणं कमी होतं. तुमचं वाढलं. म्हणजे हे आतलं नाही, पोटाच्या भिंतीतलं आहे." ही तपासणी कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जननं १९२६ साली सांगितलेली. मशीन नाही, वीज नाही, पैसे नाहीत. एवढ्या सोनोग्राफ्यांमध्ये ती करावीशी कुणालाच वाटली नव्हती.

आडव्या छेदाच्या दोन्ही टोकांजवळून बारीक नसा जातात, जांघेकडे आणि कातडीकडे. टाका भरताना एखादी नस व्रणात सापडते. टोमॅटोच्या फांदीला कुणी सुतळी करकचून बांधली तर फांदी जाड होते तशी सुतळी तिच्यात रुतत जाते. त्यांनी चित्र काढून समजावलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तेच आलं. मग त्या जागी भूल देणाऱ्या औषधाचं बारीक इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात ती जागा गप्प झाली. त्या शांततेत पहिल्यांदाच मला कळलं की बाकीचं दुखणं वेगळं आहे, ते तिथंच होतं. इंजेक्शनचा गुण काही आठवडे टिकला, मग परत घ्यावं लागलं. दुसऱ्या वेळेचा गुण जास्त टिकला. रात्री घ्यायला अ‍ॅमिट्रिप्टिलिनची अगदी छोट्या डोसाची गोळी दिली. मेडिकलवाला गोळी देताना म्हणाला, "ही तर डिप्रेशनची." नसेच्या दुखण्यालाही हीच गोळी कमी डोसात देतात हे डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर ह्यांनी ती तिथंच परत केली असती.

महिन्याच्या मधल्या रेघांचा अर्थही त्यांनीच सांगितला. नळी काढली तरी उजवा बीजकोश आहे आणि त्यातून बीज सुटतंच. त्या बाजूला ऑपरेशननंतर आतल्या भागांनी एकमेकांना चिकटून घेतलेलं असू शकतं, त्यामुळे बीज सुटताना ताण बसतो. "मग पोट उघडून ते सोडवा की," मी म्हटलं. मला तेव्हा काहीही चाललं असतं. त्या म्हणाल्या, सोडवलं की नवीन चिकटतं, आणि नेदरलँड्समध्ये शंभर रुग्णांवर करून बघितलंय, २००३ साली छापून आलंय: ज्यांचं चिकटलेलं सोडवलं ते आणि ज्यांना नुसती दुर्बीण घालून परत काढली ते, दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. माझ्या आशेवर पाणी पडलं, पण कुणीतरी पहिल्यांदा मला "हे करून उपयोग नाही" असं कारणासकट सांगत होतं. दुखतच नाही, असं सांगत नव्हतं. यातला फरक ज्याला भोगावा लागला त्यालाच कळेल. हो, आणि एक गोष्ट मला ठाऊकच नव्हती. उजव्या बीजकोशातलं बीज डावी नळीही उचलू शकते. म्हणजे ते महिने वाया जातात असं नाही.

राहिलेलं काम फिजिओथेरपीचं. मला वाटलं होतं ती गुडघ्याला असते. ती करणाऱ्या मुलीनं मला उताणं झोपवून नुसतं श्वास घ्यायला सांगितलं आणि सांगितलं की मी पोट आणि ओटीचा तळ सतत आवळून धरलाय, झोपेतसुद्धा धरत असणार. लघवीनंतरची कळ त्यातलीच. गुडघे वाकवून, हात पोटावर ठेवून श्वास खाली सोडायचा. व्रणावर खोबरेल लावून बोटानं आडवं, उभं, गोल फिरवायचं. पहिले काही दिवस मला त्या व्रणाला हातच लावता येईना, दुखतो म्हणून नाही, नुसतंच. हेही तिला नवीन नव्हतं. कपड्यावरून सुरुवात करा म्हणाली. बांधणी करायला तिनं मनाई केली नाही. वरची तार आणि खालची फांदी एकाच फेरीत नको, एवढंच सांगितलं. आता एका फेरीत वरचं, दुसऱ्या फेरीत खालचं. गडी हसतात. हसू देत.

नवरा-बायकोचंही लिहायला हवं, कारण ते कुणी लिहीत नाही आणि दवाखान्यात विचारायची तर लाजच. पुष्कळ काळ जवळ येणं दुखायचं, आणि दुखेल या भीतीनं आधीच सगळं आवळलं जायचं. हे मागे सरले, काही बोलले नाहीत. मला वाटलं मन उडालं. त्यांना वाटत होतं आपल्यामुळेच ती नळी फुटली. पुण्याहून येताना राजगुरुनगरच्या अलीकडे गाडी अडकून पडली होती, तिथं ते हे बोलले, खिडकीबाहेर बघत. गर्भ नळीत अडकतो तो आधीच्या जंतुसंसर्गानं, क्षयानं, पूर्वीच्या ऑपरेशननं नळी खराब झाली असेल तर, आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. जवळ आल्यानं अडकत नाही, क्रेट उचलल्यानंही नाही. डॉक्टरीणबाईंनी हे मला सांगितलं होतं, ह्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते बाहेर बाकावर बसून होते.

एवढं सगळं उलगडल्यावरही २०२४ च्या फेब्रुवारीत कॅलेंडरवर रेघाच रेघा आल्या. पाळीचा मध्य नव्हता, बांधणी नव्हती. सोनोग्राफीवाल्यांनी पहिल्या दिवशी मांडलेली बाळंतपणाची तारीख त्या आठवड्यातली होती. एकोणीस फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजन्माचा पाळणा हलवतात, मुख्यमंत्री येतात, सगळा तालुका भगव्या झेंड्यांनी भरतो, गावागावांत बायका पाळणा म्हणतात. दरवर्षी मी म्हणते. त्या वर्षी मला घरातून निघता आलं नाही. उजवी बाजू इतकी दुखत होती की ह्यांनी परत गाडी काढायची तयारी केली. तीन-चार दिवसांत आपोआप ओसरली. हे मनाचं होतं का? असेल. पण दुखलं ते पोटातच. गर्भपात किंवा पिशवीबाहेरचा गर्भ वाट्याला आलेल्या बायकांची लंडनच्या रुग्णालयांत पाहणी झाली होती, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांनंतरही शंभरांतल्या अठरा जणींना मोठ्या अपघातातून वाचलेल्या माणसासारखी लक्षणं होती. दचकणं, तेच ते परत दिसणं, टाळणं. मी वाचलं आणि ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या फाइलीत नळी तपासल्याचा प्रयोगशाळेचा एक कागद आहे, त्यात गर्भाच्या पेशी दिसल्याचं एका ओळीत लिहिलंय. त्याच्या असण्याचा तेवढाच दाखला. सासूबाई फाइल जाळून टाक म्हणत होत्या. ती ठेवलीय.

सासूबाईंचं एक पालुपद होतं, "वाचलीस ना? बास." मला त्याचा फार राग यायचा. एका संध्याकाळी लसूण सोलता सोलता त्या म्हणाल्या की त्यांची पाठची बहीण अशीच गेली. येडगावचं धरण व्हायच्या आधीची गोष्ट. लग्नाला वर्ष झालेलं, सकाळी पोट दुखायला लागलं, दुपारी पांढरीफटक पडली, बैलगाडी जुंपेपर्यंत संपली. "तीही खांदा खांदा करत होती," त्या म्हणाल्या. घरात तिला बाहेरचं काही लागलं असं ठरलं होतं आणि त्यांचंही आजवर तेच म्हणणं होतं. मी त्यांना श्वासपटलाचं सांगितलं. त्यांनी लसणाचं सूप बाजूला ठेवून परत एकदा सांगायला लावलं. पालुपद त्यांनी सोडलेलं नाही. मला आता राग येत नाही, इतकंच.

त्यांचा लेण्याद्रीचा नवस आहे. आमच्या तालुक्यात ज्या डोंगरावर जावं तिथं कुणीतरी मूल मागितलेलं. लेण्याद्रीला पार्वतीनं तप केलं म्हणून तो गिरिजात्मज, शिवनेरीवर जिजाऊंनी शिवाईला नवस बोलला म्हणून शिवबा. अशा मुलखात दुसरं कधी या प्रश्नाला तोंड द्यायला वेगळं बळ लागतं. मी नवस मोडला नाही, पुढे ढकललाय. पायऱ्या जमतील तेव्हा जाऊ म्हटलं. आम्ही प्रयत्न करतोय का, तर हो, रात्रीची ती नसेची गोळी डॉक्टरांना विचारून बंद केली. पुन्हा नळीत राहण्याची शक्यता दहांत एक. म्हणून पाळी चुकली की वाट न बघता रक्त आणि सहाव्या-सातव्या आठवड्याला सोनोग्राफी, असं ठरलंय. मागे एकदा पाळी लांबली तर मी आणि हे दोघंही रात्रभर जागे. लांबलेली नुसतीच होती.

दुखणं गेलं का असं कुणी विचारलं तर नाही. रेघा आहेत. दोन रेघांचे दिवस क्वचित येतात.

गेल्या महिन्यात कांद्याची काढणी चालू होती. जाऊबाई उठताना ओटीला हात लावून थबकल्या. मी नेहमी थबकते त्याच जागी, फक्त डाव्या बाजूला. मी विचारलं, किती दिवस? म्हणाल्या, सिझर झाल्यापासून. सव्वा महिना, शेगडी, लाडू सगळं झालं होतं, त्यामुळे वर आणखी दुखतंय म्हणायची त्यांना चोरी वाटत होती. संध्याकाळी आमच्या खोलीचं दार लावून मी त्यांना पलंगावर झोपवलं, एका बोटानं दाखवा म्हटलं, बोट दाबून धरलं आणि डोकं उचलायला लावलं. त्यांनी मला अशी शिवी घातली की बाहेर सासूबाईंनी विचारलं काय झालं. पुण्याची वेळ घेतली आहे, गुरुवारची. काढणी संपलेली नाही, त्यामुळे दीर कुरकुरतायत. मी त्यांच्यापुढे कॅलेंडर धरलं आणि सांगितलं, त्या दिवशीच्या भाकऱ्या तुम्ही दोघं भाऊ बघा, आम्ही सकाळच्या गाडीनं जातोय.